दांड्यापुरतं एक रोप

वखारीतली मोठी करवत त्या दिवशी बंद होती, त्यामुळे सगळ्यांना आपापला आवाज उगाचच मोठा वाटत होता. एरवी या घरातली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत आणि त्याला कुणी भांडण म्हणत नसे. करवतीच्या वरताण बोलायची त्यांना पिढ्यानपिढ्यांची सवय. आज मात्र थोरल्याने नुसतं "खिडकी लाव" म्हटलं, तरी वहिनीने दचकून नवऱ्याकडे पाहिलं.

वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात टेबलाभोवती सगळे बसले होते आणि टेबलाच्या मध्यावर ठशाचा हातोडा होता. बापूंनी, थोरल्याच्या वडिलांनी, सकाळीच तो कमरेचा काढून तिथे ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसले. हातोडा पोलादी, आखूड दांड्याचा. त्याच्या तोंडावर घराण्याची खूण उठावदार कोरलेली. झाडाची साल हातभर तासायची, उघड्या लाकडावर हातोडा मारायचा, की खूण उमटली. ठसा पडला की ते झाड गेलं. मग त्यावर भावाने बोलायचं नाही, भागीदाराने बोलायचं नाही, हातोडा पुढे ज्याच्याकडे जाईल त्यानेही आधीच्याचा ठसा मोडायचा नाही. एवढा एक नियम पाळला म्हणून हे घर इतकी वर्षं फुटलं नाही, असं बापू सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

बापूंची नजर आता अधू झाली होती. समोरचा माणूस कोण ते कळे, तो हसतोय की रडतोय ते कळत नसे. म्हणून हातोडा द्यायचा होता. कुणाला, हे आज ठरायचं होतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तोडीची टोळी वरच्या उतारावर चढणार होती. त्या उतारावर बापूंनी गेल्या हंगामात शेवटचे ठसे मारले होते. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलाला जुन्या तांबड्या झाडाच्या रुंद फळ्या हव्या होत्या, आणि तसली झाडं आता वरच्या उतारावरच उरली होती.

थोरला तयारीनिशी आला होता. वखार तोच चालवे. माणसं त्याच्या जिवावर होती आणि तो माणसांच्या. त्याने आदल्या आठवड्यातच धाकट्याला आपल्या बाजूला वळवलं होतं. धाकटा विक्री बघायचा, आणि शहरातलं नवं दुकान आपल्या एकट्याच्या हाती द्यायचं कबूल झालं तेव्हापासून त्याला थोरल्याचं सगळंच पटायला लागलं होतं. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोघांनीही गृहीत धरलं होतं की भांडण होणार, आणि ते आत्याशी होणार.

आत्या म्हणजे या दोघांची मधली बहीण. थोरल्याला चिऊ झाली त्या दिवशी ती आत्या झाली, आणि मग ट्रकवाले, गिऱ्हाईक, बँकेतला शिपाई, सगळेच तिला आत्या म्हणायला लागले. शेवटी बापूही म्हणायला लागले. बापूंच्या मागे कुऱ्हाड घेऊन ती शाळकरी वयापासून रान हिंडली होती. साल तासायची ती, ठसा मारायचे बापू. हातोडा आपल्याला मिळावा असं तिला फार वाटे. ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

थोरल्याने बोलायला सुरुवात केली. टोळी, ट्रक, हॉटेल, पावसाळ्याआधी माल खाली यायला हवा, वगैरे. धाकटा मधेमधे मान हलवत होता. बापू ऐकत होते की नाही कळत नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर थोरला आत्याकडे वळला आणि तिच्या वाराला तोंड द्यायला सरसावून बसला.

"हातोडा दादालाच द्या, बापू," आत्या म्हणाली.

धाकट्याची मान हलायची थांबली. थोरला इतका गोंधळला की त्याने तिला, तू बरी आहेस ना, असं विचारलं. आत्या म्हणाली, बरीच आहे. वखार तू चालवतोस, हातोडाही तूच घे. फक्त आपल्याकडे जसं होत आलंय तसं होऊ दे. आजच दांडा घाल आणि बापूंच्या देखत घाल.

यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. हातोड्याचं पोलाद पिढीजात, पण दांडा ज्याचा त्याचा. हातोडा घेणाऱ्याने आपल्या रानातून, तांबड्या झाडाचं मनगटाएवढं रोप स्वतः निवडायचं, स्वतः तोडायचं, त्याचा दांडा घालायचा, मगच तो हातोडा त्याचा. बापूंनी तसं केलं होतं, त्यांच्या वडिलांनीही. बापूंचा चेहरा त्या सकाळी पहिल्यांदाच सैल झाला. त्यांना वाटलं, पोरं भांडली नाहीत. ते उठलेच.

जिन्यावरून उतरताना वहिनीने आत्याचा दंड धरला. "वन्सं, मनात काय आहे तुमच्या?"

"वर जायचंय, वहिनी. बापूंना घेऊन."

वहिनीने तिच्याकडे नीट पाहिलं. ऑफिसातला सगळा पत्रव्यवहार वहिनी सांभाळे; हॉटेलवाल्यांना होकार तिच्याच हातून गेला होता. ती एवढंच म्हणाली की मग मीही येते, माझे बूट गाडीत आहेत.

आत्याच्या मनात जे होतं ते असं. वरच्या उतारावरची ती झाडं पडता कामा नयेत, एवढं तिचं पक्कं ठरलं होतं. पण ठसे बापूंचे होते. हातोडा तिच्या हाती आला असता तरी तिला ते मोडता आले नसते. थोरल्याने, धाकट्याने, सगळ्या घराने तिला नियमावर बोट ठेवून गप्प केलं असतं, आणि रास्तच केलं असतं. ठसा मोडायचाच तर मारणाऱ्यानेच मोडायला हवा. तसं आजवर कुणी केलेलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी तिने बापूंपाशी विषय काढून पाहिला, तेव्हा ते म्हणाले होते की झाडं माझ्यापेक्षा तुला जास्त कळायला लागली वाटतं. मग तिने बोलणं सोडलं. बोलून बापू ऐकत नसत, पण हाताला लागलेलं मानत.

जीप खालच्या उतारापाशी थांबली. खालचा उतार म्हणजे या घराचा अभिमान. घराण्याचा दुसरा नियम होता, पोकळ आधी. म्हातारी, वाकडी, पोटात ढोली पडलेली झाडं आधी काढायची, सरळ आणि भरीव झाडं पुढच्या पिढीसाठी राखायची. इतरांनी डोंगरच्या डोंगर बोडके केले तेव्हा या घराचं रान उभं राहिलं. बाहेरचे लोक बघायला येत. सरळसोट खोडं, ढोली म्हणून औषधाला नाही, खाली मोकळी स्वच्छ जमीन. शाळेत प्रार्थनेला मुलं ओळीने उभी राहावीत तसं रान होतं ते.

थोरल्याने कोयता घेतला आणि चुटकीसरशी येतो म्हणून आत गेला.

चुटकी लांबत गेली. बापू जीपच्या पायरीवर बसून धाकट्याला आपल्या वेळची गोष्ट सांगत होते, की निवडायला इतकी रोपं होती की सकाळ त्यातच गेली. एक नको, दुसरं बघ, असं चाललं होतं. गोष्ट संपली तरी थोरला आला नाही. मग धाकटाही आत गेला. इस्त्रीच्या शर्टाला कुसळं लावून तोही परत आला आणि म्हणाला, दादा पलीकडच्या ओढ्यापर्यंत गेलाय.

थोरला आला तेव्हा घामाने निथळत होता आणि हात रिकामे होते. त्याने एक काठी आणली असती, दुसऱ्या कुठल्या झाडाची, तर बापूंना बोटांनी लगेच कळलं असतं; तेवढा वेडा तो नव्हता. रोपं आहेत, पण झुडपांची, तो म्हणाला. तांबड्याचं एकही नाही. मनगटाएवढं सोडा, बोटाएवढंही नाही.

"नीट बघितलं नसशील," बापू म्हणाले.

"बापू, मी काय आज रानात आलोय?"

बापू उठले. त्यांनी आत्याचा खांदा धरला आणि स्वतः आत शिरले. एका झाडापाशी थांबत, वाकत, हाताने जमीन चाचपत. पाचोळा हाताला लागला, कुजलेल्या बिया लागल्या, खुरटी झुडपं लागली. दुसऱ्या झाडाखाली तेच, तिसऱ्याखाली तेच. आत्याला फार वाईट वाटत होतं. महिन्याभरापूर्वी हीच जमीन ती अशीच चाचपत हिंडली होती. हातोडा आपल्यालाच मिळणार या खात्रीने, आधीच एखादं छानसं रोप हेरून ठेवू म्हणून हौसेने आली आणि दिवस मावळेपर्यंत फिरून तोंड उतरवून घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिने चिऊला फोन लावला.

चिऊ कालच आली होती आणि सकाळपासून सगळ्यांबरोबर होती. लहानपणी टिचभर होती म्हणून चिऊ. पुढे ती खरंच पक्ष्यांचा अभ्यास करायला लागली तेव्हा घरात सगळे पोट धरून हसले होते. देशोदेशींची रानं तिने पायाखाली घातली होती. ती आतापर्यंत एक अक्षर बोलली नव्हती, कारण आत्याने तिला बजावलं होतं की आजोबांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

बापूंनी विचारलं. "चिऊ, बिया तर पडल्यात. मग रोपं कुठे गेली?"

"झाडाच्या पायाशी पडलेल्या बिया जगत नाहीत, आजोबा. किडे खातात, उंदीर खातात, सावलीत कुजतात. त्या कुणीतरी गिळून लांब नेऊन टाकाव्या लागतात. आणि तांबड्याची बी एवढी मोठी, ती गिळणारा पक्षी आपल्याकडे एकच होता."

"धनेश," बापू म्हणाले.

"हो."

"ते पलीकडच्या डोंगरावर गेले. खूप वर्षं झाली."

चिऊने सांगितलं की जिथे जिथे ती काम करायला गेली, तिथे तिथे म्हाताऱ्या माणसांनी तिला हेच सांगितलं. कुठे वानर होतं, कुठे पोपट होता, कुठे नखाएवढा बेडूक. रान कमी झालं, प्राणी दिसेनासा झाला, की सगळीकडे एकच उत्तर, पलीकडच्या डोंगरावर गेला. "आणि मी दर वेळी पलीकडच्या डोंगरावर जाते, आजोबा. तिथली माणसं म्हणतात, तुमच्या बाजूला गेला."

धाकटा शर्टावरची कुसळं काढत होता. थोरल्याला आता कळलं होतं की आपल्याला इथवर कुणी आणलं, आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने बहिणीला बाजूला घेतलं. हे आधीच ठाऊक होतं तर ऑफिसात का नाही बोललीस, सगळ्यांसमोर माझा पोपट करायचा होता का, असं तो दबक्या आवाजात म्हणाला.

"बोलले असते तर तू ऐकलं असतंस?"

थोरला खरा माणूस होता. त्याने विचार केला आणि म्हणाला, "नाही." मग म्हणाला, "पण टोळी उद्या येणारच. ठसे पडलेत."

"दांड्याला रोप हवं ना तुला? वर आहेत," आत्या म्हणाली. "चल."

वरच्या उताराला गाडी जात नाही. बापूंना एका बाजूने धाकट्याने आणि दुसऱ्या बाजूने वहिनीने धरलं. वाटेत वहिनी त्यांच्याशी सारखं काही ना काही बोलत होती. आत्याच्या कानावर एक वाक्य आलं. हॉटेलवाल्यांना लाकूड तांबडं हवंय, जुन्याच झाडाचं हवं हे आपणच त्यांच्या डोक्यात भरलंय, असं वहिनी सांगत होती. थोरला पुढे चालत होता. त्याने ते ऐकलं, आणि बायकोही तिकडे गेली हे त्याच्या पाठीवरून आत्याला समजलं.

वर एक प्रचंड तांबडं झाड होतं. वाकलेलं, गाठींचं, पोटात माणूस मावेल एवढं पोकळ. छातीच्या उंचीवर साल तासलेली आणि तिथे बापूंचा ठसा. आणि झाडाच्या भोवती, फांद्यांच्या टोकाखाली, गुडघ्याएवढी, कमरेएवढी, माणसाच्या उंचीची रोपं. दाटीवाटीने. मनगटाएवढी जाडसुद्धा.

थोरला कोयता हातात घेऊन त्या गर्दीत उभा राहिला. निवडायला पुष्कळ होती. त्याने एक धरलं, सोडलं, दुसरं धरलं. खाली सगळा उतार पालथा घातल्यावर त्याला आता तोडवेना. तो तसाच उभा राहिला.

आणि डोक्यावरून आवाज आला. मोठा, फुसफुसणारा, एखादं इंजिन दम टाकत यावं तसा. बापूंनी चेहरा वर केला. त्यांना दिसलं काहीच नसणार, पण पंखांचा तो आवाज विसरण्यासारखा नव्हता. तांबड्याच्या फांदीवर मोठ्या पिवळ्या चोचीचा नर उतरला, माणसं बघून बिचकला, मान वाकडी करून थांबला. मग त्याने ढोलीच्या तोंडाशी जाऊन गळ्यातलं एकेक फळ काढून आत द्यायला सुरुवात केली.

चिऊ आजोबांच्या कानाशी सांगत होती. मादी आत आहे. आत शिरून तिने ढोलीचं तोंड मातीने लिंपून घेतलंय, चोच जाईल एवढीच फट ठेवलीय. पिल्लू मोठं होईस्तोवर ती बाहेर येत नाही. नर लांबून आणेल तेच खाते, गिळलेल्या बिया फटीतून बाहेर टाकते; ही रोपं त्यांचीच. दर वर्षी हीच ढोली. दुसरी शोधायला गेले तर मिळत नाही, कारण...

ती अडखळली. कारण सगळ्यांना माहीत होतं. पोकळ आधी.

नर उडून गेला, त्याचा आवाज उतरत उतरत संपला, तरी बापू चेहरा वर करूनच होते. मग त्यांनी विचारलं, "गेल्या हंगामात मी हे झाड वाजवून बघितलं. पोकळ आहे का म्हणून. तेव्हा ती आत असेल?"

चिऊने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवली, खरं सांग म्हणून.

"असेल, आजोबा."

"आणि आधी जी पाडली त्यांच्यात?"

आत्याला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. बापूंनी आयुष्यात रानाचं वाईट चिंतलं नव्हतं. लोक बेफाम तोडत होते तेव्हा त्यांनी हात आवरला, पोरांसाठी झाडं राखली, आणि नेमकी ज्यांच्यामुळे रान पुन्हा उगवतं तीच घरं एकेक करून काढून टाकली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या ठशाला कुणी कधी का म्हणून विचारलंच नव्हतं.

थोरल्याने घसा साफ केला. हे सगळं मान्य, तो म्हणाला, पण टोळी उद्या येतेय, करवत बंद ठेवून माणसांच्या चुली पेटत नाहीत, मी त्यांना काय सांगू? तो भांडत नव्हता, खरंच विचारत होता.

आत्याने डोळे पुसले. उत्तर तिच्याकडे तयार होतं. "खालच्या उतारावरची सरळ झाडं काढ. विरळ विरळ, एक सोडून एक. पोकळ झाडाला हात लावायचा नाही. इथली रोपं इथेच वाढू देत, पाडलेल्या जागी ऊन येईल तिथे बिया आपण नेऊन लावू. पक्षी वाढले की ते काम तेच करतील."

"ती झाडं नातवंडांसाठी राखलीत," बापू म्हणाले.

"नुसती राखली तर त्यांना फळ्या मिळतील, बापू. रान नाही मिळायचं."

हे बापूंच्या उभ्या जन्मावर बोलणं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं. वहिनी पुढे होऊन बापूंच्या जवळ उभी राहिली. थोरला काहीतरी म्हणणार होता, पण बहिणीची बाजू घ्यावी की वडिलांची, हे त्यालाच कळेना.

"हातोडा तुलाच हवा होता ना?" बापूंनी आत्याला विचारलं.

"हवा होता."

"मग त्याला का देववलास?"

"मी आणलं असतं तर तुम्ही आला नसता."

बापू हसले नाहीत, पण त्यांचा हात तिच्या डोक्यावर क्षणभर थांबला. मग त्यांनी थोरल्याकडे हात पुढे केला. "कोयता आण इकडे."

थोरल्याला वाटलं, दांडा आता बापूच तोडणार. त्याने कोयता दिला. बापू रोपांना बाजूला सारत, एकही मोडू न देता, त्या झाडापर्यंत गेले. बोटांनी खोड चाचपलं, तासलेली साल सापडली, त्यातली खूण सापडली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"बापू," थोरला घाबऱ्या आवाजात म्हणाला, "ठसा मोडत नाहीत आपल्यात."

"ठसा कुणाचा आहे?"

"तुमचा."

"मग तू बाजूला हो."

आत मादी आहे, हळू, असं चिऊ म्हणाली, आणि बापूंनी मान डोलावली. त्यांनी कोयता आडवा धरला आणि घाव न घालता, सोलल्यासारखा, पात्याच्या धारेने लाकडाचा पापुद्रा काढायला सुरुवात केली. डावा हात खुणेवर, उजवा कोयत्यावर. खूप वेळ लागला. धाकट्याने मदतीला हात पुढे केला तो त्यांनी कोपराने सारला. शेवटी त्यांनी पुन्हा बोटं फिरवली. लाकूड सपाट लागलं. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि ते दम खात उभे राहिले.

मग त्यांनी थोरल्याचं मनगट धरलं.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "पुढचं झाड दाखव."